पेटीत उरलेले वचन

ज्या वर्षाची ही हकीकत आहे त्या वर्षाच्या अखेरीस माझी प्रार्थना आटली होती. ओठ हलत, शब्द नीट जुळून येत, मंडळी मागून ‘आमेन’ म्हणत. पण उपासना संपवून बाहेर आलो की आपण कोणाशी तरी बोललो असे वाटत नसे. मी मिशनच्या शाळेत मराठी शिकवीत होतो, बोर्डिंगची व्यवस्था पाहत होतो आणि चर्चच्या मंडळीचा वडील, म्हणजे पंच, म्हणून पाळकसाहेबांच्या उजव्या हाताला बसत होतो. अशा माणसाने ‘मला प्रार्थना येईनाशी झाली आहे’ हे कोणाला सांगावे? त्याचे कारण मला ठाऊक नव्हते, असे तेव्हा मी स्वतःला सांगत असे. खरे म्हणजे ते मला चांगले ठाऊक होते.

आमची शाळा कृष्णेच्या काठी, कराडच्या खालच्या अंगाला होती. बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात माण भागातून आलेली सारजाबाई नावाची विधवा बाई भाकऱ्या थापीत असे. दुष्काळात मुलीला घेऊन आली, मंडळीत आली, आणि पंधरा वर्षे चुलीपुढे राहिली. अक्षरओळख नव्हती, पण उपासनेतली गाणी तिला तोंडपाठ होती आणि मुलांना ती वाढता वाढता टोमणे मारी. त्या पावसाळ्यात तिची लेक बाळंतपणाला तिच्याकडे आली. स्वयंपाकघरामागच्या खोलीत तिला मुलगी झाली. सातव्या दिवशी सकाळी दळणाचे विचारायला मी त्या खोलीच्या दारात गेलो, तेव्हा समोर बोर्डिंगचा पाटा मांडलेला दिसला. त्यावर वरवंटा उभा होता, त्याला हळद लावलेली होती, आणि जवळ एक कोरा कागद व लेखणी ठेवलेली होती. सहाव्या रात्री सटवाई येऊन बाळाचे नशीब लिहिते, तिच्यासाठी कागद-लेखणी ठेवतात, ही रीत आपल्याकडे कोणाला माहीत नाही? मी वाकून तो कागद उचलला आणि चालू लागलो. सारजाबाई मागून धावत आली. “आवं मास्तर, आदी इचारा तरी!” ती म्हणाली. मी थांबलो नाही. डोळ्यांनी पाहिल्यावर विचारायचे काय उरते, असे मला वाटले.

पाळकसाहेबांनीही मला तेच विचारले होते. “तिला विचारलंत का, मास्तर?” मी कागद त्यांच्या मेजावर ठेवला आणि म्हटले, “हा पाहा पुरावा.” ते मऊ स्वभावाचे होते आणि मी शब्दांत बळकट होतो. दोन दिवसांत सारजाबाईचे नाव मंडळीच्या पटावरून कमी झाले, स्वयंपाकघर दुसरीकडे सोपवले गेले, आणि ती बाळंतीण लेकीला व तान्ह्या नातीला घेऊन भर पावसात निघून गेली. कागदाचे काय केले, हेही सांगतो. युद्धाचे दिवस होते, कागद मिळत नव्हता. चांगला कोरा ताव टाकवेना, म्हणून मी तो माझ्या खणातल्या कागदांत ठेवून दिला.

आमच्या शाळेत वर्ष सरताना एक रीत असे. वर्षातल्या शेवटच्या रविवारी सकाळच्या उपासनेत लाकडी पेटीतून प्रत्येकाने एक वचन काढायचे. शास्त्रातले एकेक वचन लहान चिठ्ठीवर लिहून, तिची सुरळी करून, ती शिवणवर्गातल्या तांबड्या दोऱ्याने बांधलेली असे. ज्याच्या हाती जे येईल ते त्याचे पुढच्या वर्षाचे वचन. ते ज्याचे त्याने उघडायचे आणि नवे वर्ष लागेपर्यंत कोणाला दाखवायचे नाही. आणि आणखी एक नियम होता, जुन्या लोकांनी घातलेला: वर्ष संपताना पेटीत कोणाचेही वचन पडून राहू नये. कोणी आजारी असेल, गावी गेला असेल, तर त्याचे वचन त्याला नेऊन पोचवायचे.

पूर्वी छापील वचने मुंबईहून येत. युद्धामुळे ती येईनाशी झाली आणि माझे अक्षर चांगले म्हणून लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. त्या वर्षीही पटावर जितकी नावे तितकी वचने मी लिहून काढली. दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी चिठ्ठ्या मेजावर वाळत ठेवून मी वर्गावर गेलो, आणि माझ्या पत्नीने त्या सगळ्यांच्या सुरळ्या करून दोरे बांधले.

रविवारी पेटी फिरली. लहान मुलींपासून सुरुवात झाली, मग मुले, मग शिक्षक, मग मंडळी. रीतीप्रमाणे लिहिणाऱ्याने शेवटी घ्यायचे. मी हात घातला, तेव्हा बोटांना एकाऐवजी दोन सुरळ्या लागल्या. एक घेतली. दुसरी तळाशी तशीच राहिली.

पाळकसाहेबांनी पट वाचला. कोणी गैरहजर नव्हते. “मग हे कोणाचं?” त्यांनी विचारले. तेवढ्यात बायकांच्या बाजूने, माझ्याकडे न पाहता, माझी पत्नी उठून म्हणाली, “सारजाबाईंचं असेल. त्यांना धरून लिहायची सवय. हात चुकला असेल.”

“मी पट समोर ठेवून लिहिलं आहे,” मी म्हणालो.

“पण उरलंय ना?” ती म्हणाली, आणि खाली बसली.

पाळकसाहेबांनी ती सुरळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. “नवीन वर्षाला चार दिवस आहेत. मास्तर, तुम्हीच जाऊन या. एक तारखेला तुम्हांला नवा पट लिहायचा आहे. त्यात तिचं नाव असावं की नाही, ते तिला भेटून मला सांगा.” आवाज मऊच होता. पण त्या वेळी मला नाही म्हणता आले नाही.

मनाची गंमत पाहा. ज्या बाईला मी पावसात घालवले ती आणि ते तान्हे मूल जगले आहे की नाही, या विचाराच्या पुढे येऊन एकच कुतूहल मला छळू लागले: या सुरळीत कोणते वचन आहे? सगळी वचने माझ्या हातची. क्षमेची होती, धीराची होती. मेंढपाळाची होती, दिव्याची होती. न्यायाचीही दोन-तीन मी मुद्दाम घातली होती. न्यायाचे तिच्या वाट्याला गेले असेल तर? आणि ते मी माझ्या तोंडाने तिला वाचून दाखवायचे? इतरांना विचारून वजाबाकी करावी म्हटले, तर दाखवण्याची बंदी. दोरा सैल करून पाहण्याचा मोह मला वाटेत चार वेळा झाला. चारही वेळा सुरळी खिशात परत गेली. पण ते चांगुलपणाने झाले असे मी म्हणणार नाही, मला भीती वाटत होती.

कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार दहिवडीकडे निघाली. सारजाबाईचे गाव दहिवडीच्याही पुढे होते. निम्म्या वाटेवर, एका बोडक्या माळावरच्या चढणीला, मोटार बंद पडली. ड्रायव्हर भट्टी ढवळीत बसला. तासभर गेला. मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो आणि परत फिरण्यासाठी कारण सापडल्यासारखे मला हायसे वाटू लागले. तेवढ्यात माळावरून मेंढरे उतरली आणि त्यांच्यामागून खांद्यावर घोंगडे टाकलेला एक म्हातारा धनगर आला.

“कुनीकडं निगालासा?” त्याने विचारले.

मी गावाचे नाव सांगितले, सारजाबाईचे सांगितले.

“कंची सारजा? येशूची सारजी व्हय?”

मी चमकलो. “येशूची म्हणजे?”

“आवं, तीच की. ती त्या गावात न्हाई आता. हिरीचं पानी आटलं तवा लेकीला घिऊन हितं आमच्या वस्तीवर आली, त्या टेकाडामागं. लय तोंडाळ बाई. पर कुनाचं पोर आजारी पडलं की जाती, कपाळावर हात ठिवती आन येशूचं नाव घिती. आमी म्हनलं, अगं, त्या येशूच्या लोकांनीच हाकललं न्हवं तुला? तर म्हनती, हाकललं मास्तरनं. येशूनं न्हाई.”

मोटार त्या चढणीवर बंद पडली नसती, तर मी दहिवडीला आणि तिथून रिकाम्या घराच्या दारापर्यंत जाऊन, ‘भेट झाली नाही’ असे समाधानाने सांगायला परत आलो असतो. याला काय म्हणावे ते मी वाचणाऱ्यांवर सोडतो. ड्रायव्हर त्याला भट्टीतली राख म्हणत होता. मी त्या म्हाताऱ्याच्या मेंढरांमागून चालू लागलो.

टेकडीमागे चार खोपटी होती. सारजाबाई उन्हात बसून हुलगे निवडीत होती. मांडीवर एक धडधाकट मूल बसून सुपातले हुलगे उचलून तोंडात घालू पाहत होते. मूल जगले होते. तिने डोळ्यांवर हात धरून पाहिले.

“कोन, मास्तर? आवं, वाट चुकलासा का काय?”

“नाही. तुमच्याकडेच आलो.”

“बसा मग. पुरावा न्यायला आला असशीला, तर हितं काय बी न्हाई बगा. हुलगं हायती.” आतून लेकीने पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला आणि परत गेली.

“बाळ... काय नाव ठेवलं?” मी विचारले.

“न्हाई ठेवलं अजून. कागुद तुमी नेला. नाव कुठनं यायचं?”

मी तांब्या खाली ठेवला. खिशातून सुरळी काढून मी तिच्या हातात दिली आणि पेटीत एक वचन उरल्याचे सांगितले. तिने ती बोटांत फिरवून पाहिली. मग दाताने दोरा तोडून तिने ती उघडली आणि माझ्यापुढे धरली. “वाचा. मला कुठं येतंय?”

चिठ्ठी कोरी होती.

मी ती उलटून पाहिली. दुसरीकडेही काही नव्हते. त्या क्षणी माझ्या जिभेवर पन्नास वचने हजर होती. तिला वाचता येत नव्हते. धीराचे एखादे सुरेख वचन म्हटले असते तर ती समाधान पावली असती आणि मीही सुटलो असतो. पण माझ्या हातून तिच्याविषयी एकदा खोटी साक्ष झाली होती. “सारजाबाई,” मी म्हटले, “यावर काही लिहिलेलं नाही. कोरी आहे.”

तिने ती माझ्या हातातून घेतली, उन्हाकडे धरली, आणि कडेवर अंगठा ठेवला. “हळद हाय ह्येच्यावर,” ती हळूच म्हणाली. “ह्यो तर माझाच कागुद, मास्तर.”

तेव्हा मला सगळे आठवले. वचनांसाठी मी खणातले कागद कापले, त्यांत तिचा तावही कापला गेला. एका तुकड्यावर पिवळा डाग दिसला. माझ्या अक्षराला डागी कागद कसा चालेल? तो तुकडा मी न लिहिता मेजाच्या कडेला सारला, आणि पत्नीने त्याचीही सुरळी केली.

हे मी तिला जसेच्या तसे सांगितले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “आता तरी इचारा.”

आणि मी विचारले. “त्या दिवशी पाटा का मांडला होता, सारजाबाई?”

“लेकीच्या सासूचा सांगावा आलता, पाटा पूजल्याबिगर पोरीला घरात घेनार न्हाई म्हनून. लेकीचा संसार मोडवंना. मांडला पाटा. पर कागुद ठिवताना म्या म्हनलं, परभू, सटवीला कशापायी लिवायला लावायचं? तूच ये, आन तूच लिव. बसून ऱ्हायले वाट बगत. फाटंचा डोळा लागला. उघडला तर तुमी आलासा!” आणि ती हसली. “वाट बगितली परभूची, आन आला मास्तर!”

मला हसता आले नाही. मी त्या मातीत डोके टेकवले आणि पाच महिन्यांत प्रथमच माझ्या तोंडून आलेला शब्द कोणाला तरी ऐकू जात आहे असे मला वाटले. “माझं चुकलं. मला क्षमा करा.”

“उठा, उठा. पोर भ्यालं,” ती म्हणाली. “म्या बी लय शिव्या घातल्यात तुमास्नी, रोज भाकरी थापताना. त्या तुमी माफ करा.”

मी खिशातील लेखणी काढली. म्हटले, सांगाल ते वचन यावर लिहून देतो, माझ्या उत्तम अक्षरात. तिने चिठ्ठी मागे ओढली. “नगं. लिवू नगासा. ज्येला बोलवलंय त्येला जागा ऱ्हाऊ द्या.” ती कोरी चिठ्ठी तिने नातीच्या कपाळाला लावली आणि चोळीत खोचली. ‘परत या’ म्हटले, तर ‘बगू’ एवढेच म्हणाली.

नव्या वर्षाच्या सकाळी मी पट लिहिला. जिथे तिचे नाव असे तिथे एक ओळ मोकळी सोडली. पाळकसाहेबांनी पाहिले, विचारले, आणि मी सगळे सांगितले. त्यांनी ओळ तशीच राहू दिली. पंधरा दिवसांनी दुपारच्या जेवणाला मुलांची पंगत बसली असताना स्वयंपाकघराच्या दारातून ओळखीचा आवाज आला. “आमटीत मीठ कोन घालतंय रं हितं? का ती बी कोरीच?” पंगतीत एकच हशा उठला. मी वाढत होतो. हातातली पळी मला खाली ठेवावी लागली.

तो पट आजही शाळेत आहे. त्या ओळीतील तिचे नाव इतर नावांइतके सुरेख नाही, कारण ती आली त्याच दुपारी मी ते उभ्याउभ्या लिहिले. माझी प्रार्थना परत आली. पण ती पूर्वीसारखी जुळलेली नाही. आता मी डोळे मिटून आधी विचारतो आणि मग पुष्कळ वेळ गप्प राहतो. पूर्वी त्या शांततेची मला भीती वाटे. आता मात्र तिथे कोणाला तरी लिहायला जागा मिळत असेल असे वाटते, आणि मी लेखणी खाली ठेवून कृतज्ञतेने बसून राहतो.