खेकडासुर आणि जावयाचा निळा शर्ट

हसणार नाही असं आधी कबूल करा, तरच सांगतो. जाऊ द्या, तुम्ही हसणारच. सगळं गाव हसलं, बायको अजून हसते, मग तुम्ही तरी कशाला मागे राहाल? चहा ओता, सांगतो.

मी कारध्याचा. नदी ओलांडून रोज भंडाऱ्याला जातो आणि तिथं एका क्लासमध्ये पोरांना कॉम्प्युटर शिकवतो. म्हणजे चार गोष्टी शिकवतो आणि चाळीस येतात असा चेहरा करतो. सासरवाडी सानगडीजवळच्या एका खेड्यात. आणि माझे सासरे, आमच्याकडे सासऱ्याला मामाजी आणि जावयाला बापू म्हणतात, हे काही साधेसुधे सासरे नाहीत. ते खेकडासुर आहेत.

अहो खरंच! मामाजी तरुण असताना गावात एकाने लग्नाच्या शूटिंगसाठी व्हिडिओ कॅमेरा आणला. लग्नं संपली, कॅमेरा रिकामा पडला, आणि गावातली नाटकवेडी मंडळीही रिकामीच होती. त्यांनी मिळून एक भयपट काढला, ‘खेकडासुर’. धानाच्या बांधीतला, म्हणजे भाताच्या खाचरातला, एक खेकडा फवारणीचं औषध पिऊन राक्षस होतो, तलावात शिरतो, कपडे धुणाऱ्या बाईला नांगीत धरतो. शेवटी नागपूरहून एक डॉक्टर येतो आणि बॅटरीचा झोत मारून त्याला पळवून लावतो. संपला पिक्चर.

खेकडा झाले मामाजी. पाठीवर उलटं बांधलेलं टोपलं, हातात हलवायाकडचे दोन लांब चिमटे, डोक्यावर बांबूच्या काड्यांना खोचलेले दोन चेंडू, तेच डोळे. कपडे धुणारी बाई झाल्या मामीजी, म्हणजे माझ्या सासूबाई. कारण आपली बायको दुसऱ्याच्या नांगीत द्यायला गावात कोणी तयार नव्हतं.

पण पिक्चर असा चालला म्हणता! दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली की नाटकाच्या आधी मैदानात टीव्ही मांडायचे आणि ‘खेकडासुर’ लावायचे. तेव्हा भंडारा-गोंदिया जिल्हा एकच होता, कॅसेट पार गोंदियाकडच्या गावांतून फिरून यायची. पोरगं जेवत नसलं की आया म्हणायच्या, "जेवतं का नाही? नाही तं गोविंदराव खेकडा येईन!" पोरगं गपागप जेवायचं.

मग जिल्हा फुटला, व्हीसीआर गेले, आणि एका पावसाळ्यात कॅसेटला बुरशी लागली. मामाजी राहिले नुसते गोविंदराव.

आमची पहिली दिवाळी. जावई म्हणून मी सासरी पाटावर बसलेलो. मामाजींनी कपाटातून ती कॅसेट काढली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि म्हणाले, "पाहा बापू, हे आमचं राज्य होतं. आता गल्लीतले पोट्टे मले भेत नाही. म्हातारा म्हून रस्ता देते फक्त."

काय सांगू, पोटात तुटलं हो माझ्या. आणि माझ्या पोटात तुटलं की तोंड सुटतं. मी म्हणालो, "मामाजी, काळजी सोडा! याच मंडईत मी नवीन ‘खेकडासुर’ दाखवतो. खेकडा तुम्हीच. पण आता कॉम्प्युटरवर! घराएवढा करतो तुम्हाला!"

"घराएवढा?" मामाजींचे डोळे चमकले. "आपल्या घराएवढा का सरपंचाच्या?"

"सरपंचाच्या!"

झालं. शब्द दिला. आता घराएवढा सासरा बनवायचा कसा? तर युक्ती अशी असते. मागे हिरवंगार कापड लावायचं, पुढे माणूस उभा करायचा, शूटिंग करायचं. कॉम्प्युटर त्यातलं हिरवं तेवढं पुसून टाकतो. माणूस उरतो. मग त्याला तलावाच्या चित्रावर चिकटवा, हवा तेवढा मोठा करा. मंडपवाल्याकडून हिरवं कापड आणलं आणि अंगणात ताणलं. आणि जेवताना बायकोला, माधुरीला, मोठ्या आवाजात बजावलं, "उद्यापासून हिरवं काहीही चालणार नाही! दिसता कामा नये मला!"

नेमक्या तेव्हाच शेजारच्या शेवंताबाई विरजण मागायला दारात. आणि नेमकी माझ्या ताटात मेथीची भाजी.

आमच्याकडे नवा जावई आला की भाऊबंदांच्या घरोघरी जेवायला बोलावतात. दुसऱ्या दिवशी पहिल्या घरी गेलो. ताटात बटाटा, बेसन आणि भात. दुसऱ्या घरी बेसन, बटाटा आणि भात. तिसऱ्या घरी वांगं होतं, पण देठ काढून टाकलेलं. आणि ती काकू माझ्या वरणातून कोथिंबिरीचं एकेक पान चमच्याने उचलत होती!

"काकू, राहू द्या ना कोथिंबीर."

"नाही बाप्पा! तुमाले परेज हाये नं. आमच्या घरी काही झालं तं गोविंदरावले काय तोंड दाखवू?"

मला वाटलं, इथं पाहुणचाराची ही रीतच असेल. जावयाने ताटाबद्दल विचारायचं नसतं, गप जेवायचं असतं. मी गप जेवलो.

संध्याकाळपर्यंत त्या परहेजाची, म्हणजे पथ्याची, चक्कर झाली. गावभर पसरलं की हिरवं दिसताच जावयाला चक्कर येते! गायगोधनाच्या दिवशी सगळ्या गाई सजवून गावातून नेतात. दरवर्षी रंगीबेरंगी शिंगं असतात. त्या वर्षी आमच्या दारावरून गेल्या त्या एकूण एक लाल शिंगांच्या. एका खोंडाचं एक शिंग हिरवं राहिलं होतं, तर त्याच्या मालकाने ते स्वतःच्या दुपट्ट्यात झाकून धरलं होतं आणि तसाच शिंगाला लोंबकळत चालला होता. मी कौतुकाने म्हणालो, "काय शिस्त आहे हो गावात!"

इकडे मामीजी आत डोळे पुसताहेत. त्यांनी माधुरीला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "बाई, खरं सांग. जवायाले कोनती बिमारी हाये? धानाच्या मुलखात पोरगी देल्ली आन् जवायाले हिरवं पाहून चक्कर येते, तं कसं व्हाचं?" माधुरी एवढी हसली की मामीजींना वाटलं, हिलाही लागलं. मग तिने सगळं समजावलं. मामीजींना पटलं, पण गावाला कोण समजावणार?

त्यात पाडव्याला मला आहेर झाला. मामीजींनी साकोलीहून स्वतः निवडून आणलेला शर्ट. सुंदर निळा रंग. तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो, निळा. माझ्या मते निळा.

मी तो घालून शूटिंगला उभा राहिलो. मामाजींनी टोपलं बांधलं, चिमटे घेतले, आणि अहो, म्हातारा काय खेकडा झाला! गुडघेदुखी कुठल्या कुठे. तिरपे तिरपे असे धावले की अंगणातल्या कोंबड्या भिंतीवर चढल्या. मग मामीजींची पाळी. मी कॅमेऱ्यातून पाहिलं आणि ओरडलो, "थांबा! बांगड्या!"

हातभर हिरव्या बांगड्या.

"मामीजी, या काढाव्या लागतील."

मामीजी कधी जावयासमोर आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी चढवला. "काहून काडू? मानूस जित्ता उभा हाये समोर!"

"दहा मिनिटांसाठी फक्त. कॉम्प्युटर हात पुसून टाकेल हो तुमचे."

"पुसू दे! हात गेले तरी चालन, बांगड्या नाही जाऊन राहिल्या!"

टोपल्याखालून मामाजी म्हणाले, "बापू, माह्या जिवाचा सवाल हाये. राहू द्या."

मग मी तासभर भाषण दिलं. मशीन कसं असतं, तंत्रज्ञानापुढे भावना चालत नाहीत, हिरवा म्हणजे हिरवा, एक ठिपकासुद्धा नको, वगैरे वगैरे. शेवटी बांगड्यांवर लाल कापडाची पट्टी गुंडाळून तोड निघाली. भाषणभर मामीजी माझ्या शर्टाकडे पाहत होत्या. भिंतीपलीकडून शेवंताबाई आणि आणखी पाच-सहा जणी माझ्या शर्टाकडे पाहत होत्या. मला वाटलं, शर्ट खुलून दिसतोय.

मामीजी हळूच म्हणाल्या, "बापू, हा शर्ट आज राहू द्या नं. दुसरा घालाल."

"छे छे! तुमचा आहेर आहे. हाच घालून डॉक्टर होणार मी."

"नाही, रंग जरा..."

"निळा रंग मला फार आवडतो, मामीजी!"

मामीजींनी मामाजींकडे पाहिलं. मामाजींनी टोपल्याकडे पाहिलं. माधुरी तेव्हा नेमकी चुलीपाशी होती, नाही तर तिने तोंडावर सांगितलं असतं. बाकी जावयाला कोण सांगणार? जावई म्हणाला निळा, तर निळा. भिंतीपलीकडे शेवंताबाईंनी निकाल लावला, "सोताच्या आंगावरचं चालते त्यायले. लोकायचं नाही चालत."

कॉम्प्युटर माझा जुना. एकेक तुकडा तयार व्हायला तो वेळ घेई, त्यात लाईन जाई. खेकड्याचा भाग मी बारकाईने तपासला. मामीजींचा तपासला, हात जागेवर होते. माझा भाग मंडईच्या दिवशी दुपारी कसाबसा तयार झाला. म्हटलं, हा तर आपलाच सीन, यात काय तपासायचं? आणि केस विंचरायला गेलो.

मंडई भरलेली. आकाशपाळणे, मिठाईची दुकानं, लेकीबाळी माहेरी आलेल्या, सगळं शिवार मैदानात लोटलेलं. क्लासमधून आणलेला प्रोजेक्टर लावला, समोर पांढरी चादर. पुढच्या रांगेत खुर्चीवर मामाजी, इस्त्रीचं धोतर, बाजूला मामीजी. मामाजींनी हाताने जवळ बोलावलं. मला म्हणाले, "बापू, पोट्टे भेतीन नं?"

"भेतीन काय, पळतील!"

सुरू झाला ‘खेकडासुर’. तलाव दिसला. पाणी हललं. आणि चादरभर मामाजी वर आले, सरपंचाच्या घराएवढे! मैदानात ‘बाप्पा वो!’ असा आवाज उठला. पुढची पोरं मागे सरकली. मी मामाजींकडे पाहिलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं हो. त्या क्षणी मला वाटलं, जावई असावा तर असा.

खेकड्याने मामीजींना नांगीत धरलं. मामीजी किंचाळल्या. आणि आता डॉक्टर येणार.

आला. म्हणजे मुंडकं आलं.

नुसतं मुंडकं! मान गळ्यापाशी संपलेली, केस नीट विंचरलेले. त्याच्या बरंच खाली एक पँट आपली आपण चालत होती. मधे काहीच नाही. मधे तलाव दिसत होता, तलावात एक बगळा उभा होता. दोन्ही बाजूंना दोन पंजे तरंगत होते, एकात बॅटरी. आणि ते मुंडकं दात काढून, माझ्याच आवाजात, प्रेमाने म्हणालं, "घाबरू नका! मी आलो आहे!"

अहो, काय झालं म्हणून सांगू! पोरं उठली ती थेट जिलेबीच्या दुकानात शिरली. एक आजीबाई चप्पल तिथेच टाकून गेल्या. आणि चादरीवर घराएवढा खेकडा, ठरल्याप्रमाणे, डॉक्टरला पाहून तिरपा तिरपा पळत सुटला. इतकं खरं भिणं कोणत्याही नटाला जमलं नसतं. कोणीही पळालं असतं!

मागून शेवंताबाईंचा आवाज आला, "म्या म्हनलं होतं नं, जवायाले हिरवं बाधते म्हून!"

मी डोकं खाली घालून उभा. म्हटलं, संपलं. म्हाताऱ्याने इतकी वर्षं वाट पाहिली आणि त्याच्या राज्यात आपण मुंडकं घेऊन घुसलो. खुर्चीपाशी गेलो. मामाजी वाकून, तोंडात उपरण्याचा बोळा कोंबून बसलेले, खांदे गदागदा हलताहेत.

"मामाजी, माफ करा हो. रडू नका."

त्यांनी बोळा काढला. हसून हसून म्हाताऱ्याचा जीव चालला होता! "काहून माफ करू? मी इतके साल विचार करून राहिलो होतो बापू, का एवढा मोठा खेकडा एका बॅटरीले काहून भेला असन? आज समजलं!"

मामीजी तेवढ्या गंभीर. पदराने माझा शर्ट चाचपून, आत पोट आहे ना याची खात्री करून घेत होत्या. मग म्हणाल्या, "मी म्हनत होती नं, रंग जरा..."

"निळा आहे तो!" मी म्हणालो. अजूनही म्हणतो. दुकानदारही म्हणत होता म्हणे, मोरपंखी म्हणून. मोर निळाच असतो की नाही? सांगा तुम्ही!

लोकांनी पिक्चर पुन्हा लावायला लावला. मग पुन्हा. शेवटी नाटकवाले चिडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी मला बसपर्यंत सोडायला निघाले. गल्लीत एका ओट्यावर एक बाई पोराला भरवत होती, आणि पोरगं तोंड फिरवत होतं. मामाजींकडे पाहून मी मुद्दाम थांबलो. म्हटलं, आता ती खेकड्याचं नाव घेईल, म्हाताऱ्याला बरं वाटेल.

बाईने आमच्याकडे पाहिलं. मग पोराला म्हणाली, "जेवतं का नाही? नाही तं तो पाहा, मुंडकेवाला जवाई आला!"

पोराने माझ्याकडे पाहिलं. भात संपला. वरण संपलं. वाटीसुद्धा चाटून संपली.

 बस दिसल्यावर मामाजी माझी पिशवी माझ्या हातात देत, थोडं जळून आणि बऱ्याच अभिमानाने म्हणाले, "माह्या नावानं पोट्टे दोन घास जास्त खात होते, बापू. तुमच्या नावानं तं ताटं धुवाचं कामच ऱ्हायलं नाही!"