दारावरच्या पाटीतली खालची ओळ

मंडळी, एम.ए. सायकॉलॉजीचा निकाल लागल्यावर आज पहिल्यांदाच संभाजीनगरहून बिडकीनला घरी गेले. अप्पांनी दारावर नवी पाटी लावलेली. माझं नाव, खाली ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’.

“अप्पा, खालची ओळ आत्ताच नाय लावता येत. अजून रुग्णालयात तज्ज्ञांच्या देखरेखीखाली शिकायचंय, मग सरकारी नोंदणी.”

“पण मी गावभर सांगून बसलो की!”

“सांगा, पोरगी अजून शिकतीय. लोकांच्या जिवाशी खेळायचं नाय मला.”

मग अप्पांनी स्वतःच रंगाचा डबा आणून त्या ओळीवर ब्रश फिरवला. “नाव मात्र राहू दे,” म्हणाले.

ती ओळ मी मिळवणारच! तुम्ही थेरपिस्टकडं जाता, तेव्हा नोंदणी विचारता का? बिनधास्त विचारा. उद्या मलाही विचारा.