कोऱ्या चिठ्ठ्या

किराणा दुकानदाराला अख्खी गल्ली चिठ्ठीशेठ म्हणायची. सुट्या पैशांची कायमच चणचण. म्हणून शेठ साबणाच्या खोक्यांचे पुठ्ठे कापत, त्यावर ‘एक रुपया देणे’, ‘दोन रुपये देणे’ असं लिहीत, खाली लफ्फेदार सही ठोकत आणि सुट्याऐवजी गिऱ्हाइकाच्या हातावर टेकवत. बघता बघता चिठ्ठ्या दुकानाबाहेर पडल्या. शिंपी घेऊ लागला, दूधवाला घेऊ लागला, न्हावीदेखील दाढीचे म्हणून मुकाट घेऊ लागला.

शेजारचे निवृत्त मास्तर म्हणायचे, “शेठ, नोटेचा जन्म असाच झालाय बरं का! लोक जड नाणी व्यापाऱ्याकडे ठेवायचे, तो पावती द्यायचा, मग पावतीच हातोहात फिरायची. कागदाला कसली आलीय किंमत? किंमत देणाऱ्याच्या शब्दाला.”

“म्हणजे मी टांकसाळच की हो!” शेठ मिशीत हसत. देवापुढे हात जोडतानाही हल्ली त्यांची मान जरा ताठच असे.

एके दुपारी ऐन गर्दीत इस्त्रीवाली मावशी आली. मुठीतला ओलसर गठ्ठा तिने फळीवर ठेवला.

“साठवल्या होत्या, शेठ. खिशात राहिल्या आणि धुण्यात गेल्या. शाई पार उतरली बघा.”

शेठनी वरचा तुकडा उचलला. कड तिरकी होती. त्यांची जुनी कात्री डावीकडे ओढायची. असा काप गल्लीत दुसऱ्या कुणाचा नव्हता. ओळख तिथल्या तिथे पटली. पण मागे गिऱ्हाइकं ताटकळत होती. आज कोऱ्या पुठ्ठ्याला पैसे मोजले, तर उद्या जो तो खोकी कापून आणेल, असं त्यांच्या मनात आलं.

“मावशी, सही कुठंय माझी? रद्दीवाला पलीकडे बसतो.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. मावशी नुसतं “बरं” म्हणाली आणि गठ्ठा उचलून चालू लागली.

घरी शेठनी ताट अर्ध्यावरच सरकवलं. बायकोने खोदून खोदून विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं.

“तुम्हाला ओळखू आल्या होत्या ना?”

शेठ उठून देवापुढे जाऊन बसले.

“तिथे काय पुटपुटताय?” बायको म्हणाली. “देवाला कुठे पैसे हवेत? ज्या बाईला हवेत, तिच्याकडे जा की.”

सकाळी दुकान उघडायच्या आधीच शेठ गल्ल्यातले पैसे पिशवीत घालून मावशीच्या टपरीवर गेले.

“चुकलं माझं. त्या चिठ्ठ्या काढा.”

“कालच इस्त्रीत टाकल्या,” मावशी शर्टाची कॉलर दाबत म्हणाली. “निखारा तरी फुलला.”

शेठनी पिशवीचं तोंड सोडलं. “किती रुपयांच्या होत्या?”

“मोजल्यात कुणी! पैसे तुमच्याजवळच ठेवलेत असं धरून चालले होते.”

गठ्ठ्याची जाडी आठवत, चाचरत शेठ म्हणाले, “चाळीसेक रुपयांच्या असतील... चाळीसच धरू?”

“तुम्ही म्हणता तर चाळीस.”

तिने पैसे न मोजता डब्यात टाकले आणि शर्ट उलटा केला. आकडा खरा की खोटा, हे शेठना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. काल फिस्सकन हसल्याचा आवाज आला होता तो कुणाचा, हे मात्र त्यांना आता नीट आठवत होतं. तो त्यांचाच होता.