पॉपिन्जे आणि देवपुजारी मास्तर

राजाराम देवपुजारी मास्तरांना अमेरिकेत ॲन आर्बरला मुलीकडे येऊन तीन महिने झाले, पण नऊ वर्षांची नात अनया काही त्यांना "आजोबा" म्हणेना. "हाय ग्रँडपा," की चालली! आणि रविवारी तर मास्तरांचं परतीचं विमान. जीव नुसता तुटत होता हो त्यांचा.

अशात अनयाने शाळेत एका जुन्या इंग्रजी शब्दावर बोलायचं ठरलं. चिठ्ठीत निघाला 'पॉपिन्जे'. मास्तर लगेच कंबर कसून तयार! बुटीबोरीच्या शाळेत चाळीस वर्षं मुलांकडून भाषणं घोकून घेतली होती, ती काय उगाच? बाहेर गुडघाभर बर्फ, म्हणून गॅरेजमध्ये गाडीभोवती फेऱ्या मारत दोघं पाठांतराला लागली. पॉपिन्जे म्हणजे मुळात पोपट. शब्द अरबांकडून निघाला, फ्रेंचांकडे मुक्काम करून इंग्रजीत आला. मग झाला खांबावर टांगलेला लाकडी पोपट, नेमबाजीसाठी. आणि शेवटी, नटूनथटून मिरवणारा शेखीखोर माणूस.

"बाबा, तिथे मागून सांगायचं नाही हं!" मुलगी सलोनीने बजावलं. तिला वडिलांची खोड ठाऊक. स्पर्धेत पोरगं अडखळलं रे अडखळलं, की पडद्याआडून मास्तरांचा आवाज हॉलभर ऐकू जायचा.

शुक्रवारी मास्तर सलोनीच्या लग्नातला सूट, लाल मफलर आणि खिशात पोपटी रुमाल अशा थाटात वर्गात मागे सलोनीशेजारी जाऊन बसले. अनयाने पोपट सांगितला, लाकडी पोपट सांगितला, आणि तिसऱ्या अर्थाला गाडी अडली. मास्तर खुर्चीच्या टोकावर सरकले. बोलायची तर बंदी! मग काय, उभेच राहिले. छाती फुगवली, मफलर झटकला, मिशीवरून बोट फिरवलं आणि खुर्च्यांमधून ऐटीत चार पावलं चालूनही दाखवली.

अनयाचा चेहरा उजळला. त्यांच्याकडे बोट करून ती खणखणीत म्हणाली, "अ पॉपिन्जे इज... लाइक माय आजोबा!"

अख्खा वर्ग खो खो हसत सुटला. सलोनीला मात्र कुठे तोंड लपवू असं झालं.

"बाबा, तिने सगळ्यांसमोर तुम्हाला शेखीखोर म्हटलं!"

मास्तर त्या पोपटी रुमालाने डोळे पुसत होते. "म्हणू दे गं. आजोबा म्हणाली ना!"