दादाने घातलेलं शेवटचं गाऱ्हाणं

वहिनीचा फोन आला तेव्हा मी रत्नागिरीच्या बाजारात मासळी घेत होतो. "भावोजी, ह्यांना फिट आली... थांबलीच नाय," एवढंच ती बोलली. दादाच्या कवटीचं हाड पुढच्याच आठवड्यात परत बसवायचं होतं. दादा गेल्याला महिना झाला, अजून मला एका जागी बसवत नाही.

दिवाळीनंतर आंब्याच्या कलमावरचं बांडगूळ काढताना दादा पडला तो डोक्यावर. मेंदू एवढा सुजला की आत जागाच उरली नाही. डॉक्टर म्हणाले, "डाव्या बाजूचं हाड काढून ठेवावं लागेल. जीव वाचेल कदाचित, पण माणूस तोच परत येईल असं नाही." वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, करा. काढलेलं हाड त्याच्याच पोटाच्या कातडीखाली जपून ठेवलं.

जीव वाचला, वाचा गेली. वाडीच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारा, एरवी कुणाला बोलू न देणारा हा माणूस पाणी मागतानाही "ते... ते..." करत अडायचा आणि चिडून भांडं भिरकावायचा. खोलगट झालेल्या बाजूला धक्का लागेल या धास्तीने वहिनीच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. मी मात्र येरझाऱ्या घालत स्वतःला विचारायचो, आपण घरी आणला तो कोण?

शिमग्यात पालखी अंगणात आली. गाऱ्हाण्यासाठी दुसराच कुणी पुढे होणार, तोच दादा उठला, हात जोडले आणि खणखणीत सुरू झाला, "बा देवा म्हाराजा..." एक शब्द अडला नाही. वाडी रडत रडत "व्हय म्हाराजा!" म्हणत होती. शेवटी वहिनीकडे हात करून तो म्हणाला, "हिला जरा झोप लागूंदे रे म्हाराजा..." पालखी पुढे गेल्यावर मी विचारलं, "दादा, काय हवं?" पुन्हा "ते... ते..."

डॉक्टर म्हणाले, पाठ असलेलं असं तोंडून निघतं, त्यावरून आशा धरू नका. असेलही. पण झोपेचं मागणं कुठे पाठ असतं? परवा मी वाडीत घरोघर विचारत फिरलो, दादाने कधी तुमच्यासाठी झोप मागितली होती का? सगळे नाही म्हणाले. एवढं विचारूनही जिवाला चैन पडेना... म्हणून सगळ्यांचं ते 'नाही' वहिनीला सांगायला गेलो, तर भरदुपारी पडवीत ती गाढ झोपलेली. चपला हातात घेऊन मी तसाच मागे फिरलो.