तेरेंतीची तीन पाणी

आमच्या सरकारी फार्मच्या गॅरेजात तेरेंती इंजिनं तापवायचा. चोवीस हिवाळे तेच काम. त्याच्याबद्दल दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही, म्हणून मला जमेल तसं लिहितो.

उणे पन्नासात बंद पडून राहिलेलं डिझेल इंजिन म्हणजे धोंडाच. तेलाचं डांबर होतं. म्हणून गाडी बंद करताना इंजिनातलं पाणी सोडून द्यायचं आणि तेल डब्यात काढायचं. तो डबा आणि बॅटरी तेरेंती घरी नेऊन चुलीजवळ ठेवायचा. सकाळी इंजिनाखाली निखाऱ्यांचं घमेलं, वरून जुन्या रजया. मग तीन पाणी. पहिलं कोमट, इंजिनाची खालची तोटी उघडी ठेवून, वरून ओतलं की खालून वाहून जाणारं. दुसरं कढत, तेही सोडून द्यायचं. तिसरं उकळतं, आणि तेव्हाच तोटी बंद. पहिल्या झटक्यात उकळतं ओतलं, तर इंजिनाच्या लोखंडी ब्लॉकला चीर जायची. नवा ब्लॉक यायचा तो उन्हाळ्यात, नदी मोकळी झाल्यावर.

आम्ही ड्रायव्हर त्याला चिडवायचो, "काय रे, बाळंतीण आहे का ती? किती शेकतोयस!"

"बाळंतीण परवडली. ती ओरडते तरी. हे मुकाट्याने फुटतं."

खरं तर तातडीच्या गाडीचं इंजिन भर हिवाळ्यात आमच्याकडे कोणी बंदच करत नाही. डिसेंबरात चालू केलेलं मार्चपर्यंत धडधडत राहतं. पण त्या जानेवारीत नवे साहेब आले, सेम्योन गाव्रिलिच. डिझेल वाचवायचं म्हणून, गावात तातडीसाठी उभी असलेली माझी गाडी संध्याकाळी बंद करायचा त्यांनी हुकूम काढला. बाकीच्या गाड्या गवत आणायला लांब गेल्या होत्या.

तेरेंती म्हणाला, "साहेब, ही एक चालू राहू द्या. माणूस काही आधी कळवून आजारी पडत नाही."

"मग तू कशाला आहेस? तापव की!"

तेरेंतीने माझ्याकडे पाहिलं. मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको अकुलिना पोट धरून खाली बसली. नर्स वारवारा म्हणाली, अपेंडिक्स आहे, आत्ताच्या आत्ता निघा. धुक्यामुळे विमान येणार नव्हतं. गोठलेल्या नदीवरून हॉस्पिटल पाच तासांवर.

अकुलिनाला घसरगाडीवरून गॅरेजात आणून शेगडीपाशी निजवलं. तेरेंती इंजिनाखाली निखारे सारत होता.

"दादा, अजून किती?" वारवाराने विचारलं.

"दीड तास."

"दीड तास? अरे, बायको आहे ना तुझी!"

मीही म्हणालो, "तेरेंती, ओतू या एकदम उकळतं. निभावेल."

"आणि चीर गेली तर? पाठीवर नेशील तिला?"

वारवारा आणखी काही बोलणार होती, पण अकुलिनाच डोळे मिटून म्हणाली, "त्याच्यावर ओरडू नकोस गं. लग्नालासुद्धा उशिराच आला होता."

तेरेंती हसला नाही. त्याने एकही पाणी चुकवलं नाही. फक्त दुसरं ओतताना अर्धी बादली बुटांवर सांडली आणि तिथेच गोठली. इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं.

हॉस्पिटल अठरा किलोमीटर राहिलं असताना अकुलिना गेली. डॉक्टर म्हणाले, "तास-दीड तास आधी आला असता..."

गावात एकच बोलणं. बायको मरत होती आणि हा तीन पाणी करत बसला. हुकूम कोणाला आठवत नव्हता. मला आठवत होता. साहेबांनी कागद तयार केला: मृत्यू गाडी तापवण्यास विलंब झाल्याने. खाली ड्रायव्हरची सही हवी होती. मी केली.

थडग्यासाठी गोठलेली जमीन मऊ व्हायला वर तीन दिवस जाळ ठेवावा लागतो. दुसऱ्या दिवशी साहेबांचा माणूस डिझेलचं एक पिंप घेऊन आला.

"साहेबांनी पाठवलंय. लाकडांवर ओत, लवकर होईल."

"कुठलं हे?"

"आपलंच. वाचलेलं."

तेरेंती म्हणाला, "परत ने."

तिसऱ्या दिवशी मी ट्रकभर लाकडं तोडून नेली. एकेक ओंडका उतरवून त्याच्याजवळ रचला. तो निखारे बाजूला करून मऊ झालेली माती उपसत होता, जेमतेम वीतभर. वर न बघताच त्याने विचारलं,

"प्रोन्या, सही तू केलीस?"

"केली."

त्याने माझ्या लाकडांना हात लावला नाही. आपल्या ढिगातलं एक ओढून जाळात घातलं.

"मग इथे थांबू नकोस," तो म्हणाला.

मी गेलो.