यादीत आलेला झुणका

दिवाळीनंतरच्या बुधवारी सकाळी अकरा वाजता, पुरातून सावरणाऱ्या हिमालयातल्या एका पर्यटन शहरात, मेडशीच्या चार बायांनी हॉटेलचं किचन ताब्यात घेतलं.

मी वाशिमच्या एका दैनिकाचा बातमीदार. आमच्याच जिल्ह्यातल्या मेडशी गावच्या सहलीबरोबर मला पाठवताना संपादक म्हणाले होते, "शहर चालू झालं का, एवढंच लिही. डोळ्यांनी पाहिलेलं."

पाहिलेलं असं: पूल नवा, लोखंडी. स्वेटरची दुकानं उघडी, गिऱ्हाईक नाही. इमारतींवर गाळाची रेघ. फोटोवाले पूर्वी पर्यटकांना याकवर बसवायचे. आता रेघेखालीही उभे करत होते.

आमच्या हॉटेलात रेघ रिसेप्शनच्या घड्याळापर्यंत होती. दहा वाजता मालक हात जोडून आले. पुरानंतर गावी गेलेला कुक परतला नव्हता. आणि दुपारी टूर कंपनीचा माणूस 'इन्स्पेक्शन'ला येणार होता. म्हणजे खोल्या बघायच्या, जेवण चाखायचं आणि हॉटेल कंपनीच्या यादीत ठेवायचं की नाही ते ठरवायचं. यादीतून नाव गेलं की सीझन गेला.

"म्हंजे आमाले नाश्ता बी नाही?" कांतामावशींनी मला विचारलं. त्या निवृत्त अंगणवाडी सेविका, सहलीच्या पुढारी.

"नाही."

"मंग हा हात कायले जोडून राह्यला? किचनची किल्ली दे म्हना त्याले."

बेसन, ज्वारीचं पीठ आणि ठेचा बायांच्या सामानात होताच.

एक वाजता कंपनीचा माणूस आला. पहिल्याच घासाला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ये क्या है?"

मालकांनी कांतामावशींकडे पाहिलं. कांतामावशी म्हणाल्या, "झुणका. यहीं का है साब. थंडी का खाना."

"और रोटी?"

"पहाडी ज्वार," मालकांनी जोडून दिलं.

त्याने दुसरी भाकरी मागितली.

नंतर मी म्हणालो, "मावशी, खोटं काहून बोलल्या?"

"पहाडावरच शिजवला ना? तू गपचूप जेव."

संध्याकाळी संपादकांचा फोन आला.

"हॉटेल चालू आहे?"

"आहे."

"जेवण?"

"चांगलं. पण रांधणाऱ्या मेडशीच्या."

"ती ओळ काढतो. जागा कमी आहे."

शनिवारी आम्ही निघालो, त्याआधी कुक परतला होता. मावशींनी उरलेलं पीठ त्याच्या हवाली केलं आणि भाकरी थापायला शिकवलं. त्याची पहिली भाकरी तव्यावर फाटली.

जानेवारीत टूर कंपनीचं माहितीपत्रक आलं. हॉटेल यादीत होतं. नावापुढे लिहिलं होतं: 'पारंपरिक पहाडी झुणका. तिखट सोसणाऱ्यांसाठीच.'